खिशातला दुसरा फोन

पुण्याला मी जन्मात तीनदा गेले. एकदा भाचीच्या लग्नाला, एकदा ह्यांच्या मोतीबिंदूसाठी आणि तिसऱ्यांदा एका फोनसाठी. पहिल्या दोन खेपांचं फारसं काही आठवत नाही. तिसरी मात्र लिहूनच ठेवते, कारण ज्यांनी मला तीन दिवस जेवू घातलं त्यांच्याच अन्नात मी माती कालवली, आणि तरी निघताना त्यांनी मला डबा बांधून दिला. असे लोक भेटले हे माझं भाग्य, दुसरं काय म्हणायचं?

मी कोण ते आधी सांगते. अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौतीस वर्षं ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर 'अकोला बोला, नागपूर बोला'. पुढे ट्रंक कॉल गेले, एसटीडीचे बूथ आले, तेही गेले, आणि वयोमानाप्रमाणे मीही घरी आले. घरी बसून करायचं काय? ह्यांच्याशी भांडण किती वेळ पुरणार! भाचीने कॉम्प्युटर शिकवला. त्यातून पुण्याच्या काही मंडळींचा पत्ता लागला. हे लोक स्वतःचा मोबाइल बनवत होते. मोबाइल कसा, तर मोकळा. आपण दुकानातून घेतो त्या फोनच्या आत काय चाललंय ते कंपनी सांगत नाही. ह्या मंडळींच्या फोनचा सगळा प्रोग्राम ज्याला हवा त्याने वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. लोणच्याच्या बरणीबरोबर शेजारणीने कृतीही लिहून द्यावी, तसं. त्यातल्या सूचनांचं मराठी करायला माणूस हवा होता, आणि मी रिकामी होते. आठ महिने मी ते काम केलं. पलीकडून अश्विनी नावाची मुलगी ईमेलने उत्तरं द्यायची. ती मूळची आमच्याकडचीच, वाशिमजवळच्या कारंज्याची. गुढीपाडव्याला फोन बाजारात आणायचा ठरत होता. त्याआधी काकूंनी येऊन तो वापरून पाहावा, आणि पाडव्याला पहिली ग्राहक म्हणून स्टेजवर दोन शब्द बोलावेत, असं तिने लिहिलं. मी लगेच बॅग भरली.

शुक्रवार, नारायण पेठ

सकाळी बसमधून उतरले तर समोर एक उंच, सडपातळ गृहस्थ घड्याळ बघत उभे. हे गोगटे. मंडळींच्या बैठका ह्यांच्या घरी भरतात आणि अध्यक्षही हेच. मी नमस्कार करून म्हटलं, "फार वेळ ताटकळलात का हो?"

"नाही. बस बावीस मिनिटं लवकर आली. मी वेळेवर आलोय," ते म्हणाले आणि बॅग उचलून चालू लागले. झालं स्वागत!

गोगटे एकटे राहतात आणि स्वयंपाक स्वतः करतात. हात धुऊन आले तर प्रश्न तयार. "पोळ्या दोन की तीन? आत्ताच सांगा. मागाहून कणीक भिजवली जात नाही." आमच्या वऱ्हाडात पाहुण्याने 'पुरे' म्हटलं की तिथून खरं वाढणं सुरू होतं. मी घाबरून दोन सांगितल्या आणि अर्धपोटी राहिले. त्यात आमटीत गूळ! मी ती वाटी गोडाची समजून शेवटी खायला ठेवली. पण संध्याकाळी पानाशेजारी लाल मिरचीच्या ठेच्याची वाटी होती, आणि पोळ्या न विचारता चार. ठेचा कुठून पैदा केला म्हणून विचारलं तर म्हणाले, "पेठेत सगळं मिळतं. मागणारा लागतो." मला तेव्हाच हा माणूस आवडला.

जेवणाआधी मंडळी जमली होती. अकरा माणसं. कुणी आयटीतले, कुणी कॉलेजात शिकवणारे, आणि एक सलीमभाई, ज्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अश्विनीने मला पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. तिशीची, बारकी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून ही पोरगी ह्या फोनच्या मागे लागली होती. तिने माझ्या हातात फोन ठेवला. साबणाच्या वडीसारखा जाड, काळा. माझं सिमकार्ड तिने त्यात घातलं आणि पडद्यावर मी केलेलं मराठी उमटलं. 'येणारे कॉल', 'सुटलेले कॉल'. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. चौतीस वर्षं मी ज्या यंत्रांवर काम केलं, त्यांतलं एकही माझ्या भाषेत बोललं नव्हतं.

सलीमभाईंनी नखाने मागचं झाकण उघडून दाखवलं. "बघा ताई, स्क्रूसुद्धा साधे. माझ्यासारखा कुणीही दुरुस्त करेल. फक्त पार्ट मिळत राहायला पाहिजेत. नाहीतर चार महिन्यांनी लोक माझ्याच दुकानासमोर येऊन शिव्या घालतील."

मग फोन खिडकीपाशी चार्जिंगला लावला आणि गोगट्यांनी आतल्या खोलीतून आपल्या लँडलाइनवरून माझा नंबर फिरवला. फोन खणखणीत वाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तर सगळ्यांत जोरात.

शनिवार, वाघोली

दुसऱ्या दिवशी अश्विनी मला तिच्या खोलीवर घेऊन गेली. सिटी बसने नगर रस्त्यावर बराच वेळ बसायचं. बाहेर इमारती, मधेच एखादं बाजरीचं रान, पुन्हा इमारती. घरमालकीण हौसाबाई खाली राहते आणि वरच्या चार खोल्या भाड्याने देते. तिची जमीन होती तिथे आता सात मजले उभे आहेत. ते दाखवताना तिच्या चेहऱ्यावर ना दुःख ना आनंद. "हितं आमचा हरभरा असायचा. आता तिसऱ्या मजल्यावर वकील हाय," एवढंच म्हणाली.

ह्या बाईने मला पाटावर बसवून बाजरीची भाकरी, भरलं वांगं आणि खरडा वाढला. दोन की तीन विचारलं नाही. ताटात भाकरी संपते न संपते तोच दुसरी पडत होती. मी नको नको म्हटलं तर म्हणे, "आवं, परगावच्या माणसानं लाजायचं न्हाय." मला माहेरी आल्यासारखं वाटलं. जेवून आम्ही दोघी अंगणात गप्पा मारत बसलो. अश्विनी वर कॉम्प्युटरला चिकटली. फोन माझ्या पिशवीत होता.

चार वाजता ह्यांचा फोन यायचा होता. आला नाही. पाच वाजले, तरी नाही. मी हौसाबाईपुढे नवऱ्याचा उद्धार सुरू केला. "बघा, दोन दिवस बायको घरात नाही तर आठवणसुद्धा नाही! पत्ते कुटत बसले असतील." हौसाबाई हसून हसून बेजार. "सगळ्यांचं एकच हाय बघा," ती म्हणाली.

सहा वाजता मीच फोन लावला आणि 'हॅलो' ऐकायच्या आत तोंड सोडलं. पलीकडून हे अगदी थंड आवाजात म्हणाले, "तुझं झालं? आता माझं ऐक."

झालं असं होतं. हे दुपारी पोस्टात गेले आणि किल्ली घरातच विसरले. मागून दार ओढलं गेलं. दुसरी किल्ली मी शेजारी ठेवून आले होते, पण कुठल्या शेजारी, ते सांगायला विसरले. आमच्या वऱ्हाडातलं ऊन, अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारे. दोन तास ओट्यावर बसून त्यांनी मला अकरा वेळा फोन लावला. "प्रत्येक वेळी घंटी जात होती. तू उचलला नाहीस. मला वाटलं तुला काही झालं." शेवटी समोरच्या वहिनींनी पाहिलं आणि किल्ली आणून दिली.

अकरा वेळा! माझ्या पिशवीतला फोन एकदाही वाजला नव्हता. पडद्यावर मी स्वतः मराठी केलेलं 'सुटलेले कॉल' होतं आणि त्यापुढे काही नव्हतं.

आता माझ्या जागी कुणी दुसरं असतं तर 'नेटवर्क नसेल' म्हणून सोडून दिलं असतं. पण माझा जन्म ह्याच धंद्यात गेला. लावणाऱ्याला घंटी ऐकू येते आणि घेणाऱ्याकडे वाजत नाही, म्हणजे दोष वाटेत नाही, घेणाऱ्याच्या घरात. मी हौसाबाईला तिचा बटणांचा फोन घेऊन बसवलं. माझा फोन समोर पाटावर ठेवला, हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी तिने लावला, वाजला. मग वीस मिनिटं थांबलो. तिने लावला. तिच्या कानात घंटी, पाटावर शांतता. पुन्हा लावला. काही नाही. मग घरातून चार्जर आणून त्याची वायर जोडली आणि वीस मिनिटं थांबून लावला, तर वाजला की खणखणीत!

"बया! ह्यो काय फोन म्हणायचा? दावणीला बांधला तरच बोलतोय," हौसाबाई म्हणाली.

मी अश्विनीला खाली बोलावलं आणि तिच्यासमोर सगळं पुन्हा करून दाखवलं. ती मानायलाच तयार नाही. "काकू, इम्पॉसिबल. मी रोज टेस्ट करते. दिवसातून पन्नास वेळा वाजतो."

"वायर लावून?"

"कॉम्प्युटरला कनेक्टेड लागतोच ना. त्याशिवाय काम कसं करणार?"

"आणि खिशात ठेवून? बाजारात जाताना?"

तिने पर्समधून एक जुना, घासलेला फोन काढला आणि नुसता हातात धरून बसली. "बाहेर हा असतो," ती हळूच म्हणाली. "आईचा फोन येतो ना. तो चुकायला नको."

म्हणजे बघा. जिने फोन बनवला तिनेच तो कधी पिशवीत टाकून फिरून पाहिला नव्हता. टेबलावरचा फोन टेस्टिंगचा आणि खिशातला फोन आईचा. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ती पाटाशेजारी जमिनीवर बसली होती आणि तिचा चेहरा अगदी पांढरा पडला होता.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "काकू, उद्या मीटिंगमध्ये नका बोलू. प्लीज. लॉन्च होऊ दे. पंधरा दिवसांत मी शोधून काढते, मग सगळ्यांना अपडेट देऊ. सगळेच असं करतात. आता पुढे ढकललं तर लोक गळतील. तीन वर्षांत निम्मे गळलेत." आणि मग तिचं पुणेरी, इंग्रजी सगळं एकदम गळून पडलं. "माही माय येऊ रायली पाडव्याले. कारंज्याहून. तिकीट काढलं तिनं. पोरगी तीन वर्षं काय करते, हे तिले अजून समजलं नाई. म्या सांगतलं, तुया हातात देतो, मंग समजन."

हिच्यामुळे मी इथे होते. हिच्यामुळे म्हाताऱ्या ऑपरेटरला कुणीतरी पुन्हा कामाची समजत होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढंच म्हटलं, "अगं बाई, ज्याचा फोन वाजत नाही, त्याला तो वाजत नाही हे कळत नाही. त्याला वाटतं कुणी आपली आठवणच काढली नाही. मी दुपारभर ह्यांना शिव्या घालत होते, आणि तो माणूस उन्हात बसून माझ्याच काळजीत होता."

ती उठून वर गेली. मी तिला शब्द दिला नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

रविवार, पुन्हा नारायण पेठ

बैठक साडेदहाला होती. दहा एकतीसला आलेल्या एका प्राध्यापकांना गोगटे म्हणाले, "या. आपल्यासाठी आम्ही थांबलो नाही, तरी वाईट वाटून घेऊ नका."

मला वाटलं होतं कॉम्प्युटरवाल्यांची बैठक म्हणजे काहीतरी नवीन तऱ्हा असेल. कसलं काय! एखाद्या गृहनिर्माण सोसायटीची सभा असावी तशी सतरंजी, लांबलचक वही आणि ठराव. ठरावाला सूचक हवा, अनुमोदक हवा. विरोध असेल तर तो नावासकट वहीत. मला हसू आलं, पण नंतर कळलं की ह्या शिस्तीमुळेच तीन वर्षं भांडूनही ही एवढी तरी माणसं एकत्र राहिली होती.

ठराव होता, फोन पाडव्याला बाजारात आणावा. एकेकजण बोलला. कुणी म्हणालं, आपल्या मुलांना निदान कळेल की फोन ही उघडून बघायची वस्तू आहे. कुणाला काळजी, की कंपन्यांपुढे आपण टिकणार कसे, आणि उद्या आपण कंटाळलो तर ज्यांनी विश्वासाने फोन घेतला त्यांचं काय. सलीमभाईंनी पुन्हा पार्टचं काढलं. अश्विनी खाली बघत बसली होती.

"पाहुण्यांना मत नाही," गोगटे म्हणाले, "पण बोलायला बंदी नाही. बोलायचंय?"

मी उठले. रात्रीपासून मनात वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली. अश्विनीने वर पाहिलंच नाही. शेवटी मी एवढंच म्हटलं, "माझी एक विनंती आहे. ज्यांच्याकडे आत्ता ह्या फोनशिवाय दुसरा फोन असेल, त्यांनी तो इथे मध्ये ठेवावा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग सलीमभाईंनी खिशातला फोन काढून सतरंजीवर ठेवला. मग प्राध्यापकांनी. मग एकेकाने. गोगट्यांनी चष्मा पुसला, बंडीच्या आतल्या खिशातून एक छोटा फोन काढला आणि ओळीत नीट सरळ करून ठेवला. "लँडलाइन धरून माझे दोन झाले," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. सगळ्यांत शेवटी अश्विनीने पर्स उघडली.

अकरा माणसं आणि मध्ये अकरा दुसरे फोन. मला पुढे वायरचं, वीस मिनिटांचं सगळं सांगायचं होतं. पण तेवढ्यात त्या ओळीतला घासलेला फोन वाजायला लागला. अश्विनीचा. रविवारी अकराला तिच्या आईचा ठरलेला फोन. तो वाजत राहिला आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

अश्विनीने तो उचलला. "आई, मी मीटिंगमध्ये हाये. मंग करतो." आणि ठेवला. मग ती उभी राहिली, आणि जे मी सांगायला उठले होते ते तिनेच सांगितलं. पाटावरची परीक्षा, वायर, ह्यांचे अकरा फोन, सगळं, काही न लपवता. शेवटी म्हणाली, "आपण कुणीच आपल्या फोनवर आपल्या माणसांकडे असलेला नंबर ठेवला नाही. काकूंनी ठेवला, म्हणून कळलं. माझा ठराव असा आहे, की आजपासून प्रत्येकाने आपलं घरचं कार्ड आपल्या फोनमध्ये घालायचं, दुसरा फोन बंद. आणि तो नीट वाजेपर्यंत लॉन्च नाही. अनुमोदन कोण देतंय?"

गोगटे म्हणाले, "अध्यक्षांनी अनुमोदन देण्याची प्रथा नाही. मी देतो." आणि वहीत तसं लिहिलं.

ठराव मंजूर झाला, पण आनंद कुणालाच झाला नाही. दोघेजण न जेवता निघून गेले. अश्विनी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळी मात्र ती बसस्टँडवर आली, हातात हौसाबाईने दिलेल्या भाकऱ्या आणि गोगट्यांच्या घरचा ठेचा. डबा माझ्या मांडीवर ठेवला, वाकून नमस्कार केला, आणि मागे न बघता गेली. तिचा राग मला कळत होता. तिच्या आईचं तिकीट मीच रद्द करवलं होतं. पण राग असतानाही जी डबा आणून देते, तिला मी काय म्हणू? खिडकीशी बसून मी तिला मनापासून आशीर्वाद दिला.

अमरावती

पाडवा गेला, उन्हाळा गेला. मंडळींची पत्रं येत होती. वायर काढली की फोन थोड्या वेळाने झोपायचा आणि त्याचा ऐकणारा भागही झोपायचा, हे गोगट्यांच्या फोनवर सापडलं, कारण त्यांनी तो वहीत वेळा लिहून लिहून तपासला. मग नव्या चुका निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या. सलीमभाईंनी पार्टचं कुठेतरी जुळवलं. अश्विनी सगळ्यांना लिहायची, मला वेगळं कधीच नाही. मीही ठरावाप्रमाणे पुण्याहून आणलेला तोच एक फोन वापरत होते, आणि ह्यांना मुद्दाम दिवसातून दोनदा लावायला सांगत होते. शेवटी दिवाळीच्या तोंडावर फोन बाजारात आला. मला आमंत्रण होतं, पण ह्यांचा गुडघा धरला होता, जाता आलं नाही.

त्या दिवशी मी भाजी आणायला गेले होते. फोन पिशवीच्या तळाशी, वर दोन जुड्या मेथी. वांग्यांवरून घासाघीस चालू असताना पिशवीतून वाजला. मी मेथी उपसली, फोन काढला. अनोळखी नंबर, अनोळखी बाईचा आवाज.

"म्या अश्विनीची माय बोलतो, कारंज्याची. पुण्याले आली हाये. पोरीनं आताच फोन हातात देला, अन् म्हणे पैला त्या काकूले लाव. वाजला काय म्हून इचारू रायली ते."

"वाजला म्हणावं," मी म्हटलं. "पिशवीत होता, मेथीच्या खाली. तरी वाजला. तिला द्या ना जरा."

पलीकडे काही कुजबुज झाली आणि मग आईचाच आवाज आला.

"ते नाई बोलत आता, बाई. रडू रायली."